आधी कोरल ठरवा, मग लाईट घ्या: घरातल्या पहिल्या रीफ टाकीसाठी

माझ्या पहिल्या रीफ टाकीतली, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-टाकीतली, मशरूम कोरलं पाच दिवसांत पांढरीफटक पडली. सोमवारी निळसर, तळहाताएवढी पसरलेली होती, शुक्रवारी रुपयाच्या नाण्याएवढी आक्रसून दगडाला चिकटली होती. पाणी तीनदा तपासलं, सगळे आकडे जागेवर. घोटाळा लाईटचा होता, म्हणजे खरं तर माझा. नवीन एलईडी आली आणि एवढे पैसे मोजलेत तर पूर्ण वापरू या हिशेबाने मी ती पहिल्याच दिवशी शंभर टक्क्यांवर लावली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

आपल्याकडे नवीन माणूस आधी टाकी घेतो, मग यूट्यूब बघून जमेल तेवढी जोरदार लाईट घेतो आणि शेवटी दुकानात मिळेल ते कोरल उचलतो. हा क्रम पूर्ण उलटा करायचा. कोणते जीव ठेवणार हे आधी ठरवा, त्यांना किती उजेड लागतो ते बघा, आणि तेवढ्याच ताकदीचा दिवा घ्या. कोरल प्राणी असलं तरी त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं. उजेड कमी पडला की कोरल उपाशी राहतं. एकदम फार झाला तर आतलं शैवालच विषारी ऑक्सिजन-संयुगं बनवू लागतं आणि कोरल त्याला शरीराबाहेर हाकलतं. त्याचा रंग त्या शैवालाबरोबर जातो. माझ्या मशरूमचं नेमकं हेच झालं होतं.

काय ठेवायचं, आणि काय ठेवताच येत नाही

भारतात या प्रश्नाचं अर्धं उत्तर कायदाच देतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत, २००१ पासून सगळी कडक प्रवाळं आहेत. काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखेही आहेत. समुद्री घोडे, राक्षसी शिंपले आणि समुद्री काकड्याही संरक्षित आहेत. मालवणच्या खडकावरून खिशात घातलेला प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा यात येतो. मुंबईत कोस्टल रोडच्या वाटेत वरळी-हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळांच्या १८ वसाहती आल्या, तेव्हा त्या हलवण्यासाठी महापालिकेला वनखात्याची परवानगी काढावी लागली होती. तिथे आपली काय कथा!

परदेशातून आलेली कडक कोरलंही साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत. आयातीचा परवाना लागतोच, शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी करावी लागते. दुकानदार ‘इम्पोर्टेड आहे, काही होत नाही’ म्हणाला तर कागद मागा. कागद नसेल तर नमस्कार करून निघा. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून समुद्रातून उचललेले दगडही नकोत. कृत्रिम सच्छिद्र दगड मिळतात. जीवाणू त्यांच्यावर तितकेच छान बसतात आणि सोबत नको ते पाहुणे येत नाहीत.

मग उरतं काय? भरपूर उरतं: मशरूम, झोआ, ग्रीन स्टार पॉलिप, झेनिया, टोडस्टूल लेदर. ही सगळी मऊ कोरलं. कमी उजेडात जगतात, नव्या माणसाच्या चुका पोटात घालतात आणि पंख्याच्या वाऱ्यात डोलणाऱ्या पडद्यासारखी हलत राहतात. कडक कोरलांचा हट्ट सोडला की लाईटचा खर्च निम्म्याने कमी होतो हा वरचा फायदा.

टाकी आणि पाणी

हा भाग उरकते, कारण आपला मुद्दा उजेड आणि जीव. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी घ्या. काठोकाठ साधारण १६० लिटर पाणी मावतं. दगड, वाळू आणि काच धरून वजन दोनशे किलोच्या पुढे जातं, म्हणून ती खोलीच्या मधोमध नको, तुळईच्या जवळ, भिंतीला लागून ठेवा. वीस-पंचवीस लिटरची ‘नॅनो’ टाकी स्वस्त आणि गोंडस दिसते, पण तिच्यात एक मासा मेला की संध्याकाळपर्यंत सगळ्या पाण्याचं वाटोळं होतं. सुरुवातीला मोठी टाकीच सोपी.

पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून सगळे क्षार काढलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. मुंबईचं नळाचं पाणी मऊ असलं तरी त्यात क्लोरीन असतं. बोअरवेलचं पाणी तर विसराच. घरातल्या पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी पुन्हा क्षार मिसळतात, त्यामुळे तेही चालत नाही. रीफ सॉल्ट लिटरला साधारण ३५ ग्रॅम, वेगळ्या बादलीत पॉवरहेड (पाण्यात बुडणारा छोटा पंप) लावून रात्रभर ढवळायचं. क्षारता १.०२५ (विशिष्ट गुरुत्वात), रिफ्रॅक्टोमीटरवर मोजलेली. तरंगत्या काट्याच्या स्वस्त हायड्रोमीटरवर माझा विश्वास नाही. तापमान २५ ते २७ अंश.

मग सायकल, म्हणजे घाणीतला अमोनिया पचवणारे जीवाणू टाकीत वसवणं. अमोनियाचा एक स्रोत आणि बाटलीतले जीवाणू टाकायचे आणि चार ते सहा आठवडे वाट बघायची. अमोनिया वर जाऊन शून्यावर येतो, त्यामागे नायट्राइट तसाच वर जाऊन उतरतो आणि शेवटी नायट्रेट दिसू लागतं. या काळात लाईट बंद. उजेड लागणारं टाकीत अजून काहीच नसतं, फुकट शैवाल वाढतं.

लाईट निवडताना

दुकानात वॅट सांगतात, डबीवर केल्विन लिहिलेलं असतं. कोरलला दोन्हीशी फारसं देणंघेणं नाही. त्याला लागतं पार, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड. मशरूमला ३० ते ८० पार पुरतो, झोआ आणि ग्रीन स्टार पॉलिपला ८० ते १५०, लेदरला १०० च्या आसपास. कडक, फांद्यांच्या कोरलांना २०० ते ३५० लागतो. ती आपण ठेवत नाही, तेव्हा त्या आकड्यामागे धावायचं कारण नाही.

निळा रंग का, हा पुढचा प्रश्न. समुद्रात लाल उजेड पहिल्या काही मीटरमध्येच शोषला जातो, निळा खोलवर पोचतो. कोरलमधलं शैवाल त्याच निळ्यावर पोसलेलं. म्हणून ४२० ते ४६० नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या एलईडी भरपूर असलेला, निळ्या आणि पांढऱ्याचे वेगवेगळे चॅनेल असलेला दिवा घ्या. चॅनेल वेगळे नसतील तर घेऊच नका. झाडांच्या टाकीसाठीचा पांढरा-लाल दिवा स्वस्त मिळतो, पण त्यावर कोरलआधी हिरवं केसाळ शैवाल वाढतं.

आपल्या मापाच्या टाकीला ६० ते १०० वॅटचा रीफ एलईडी भरपूर झाला. मेटल हॅलाइड दिवे जुन्या लोकांना प्रिय आहेत, लाटांची ती झगमग खरंच सुंदर दिसते, पण आपल्या उन्हाळ्यात टाकीवर शेगडी टांगण्यातला प्रकार. विजेचा हिशेब: ९० वॅटचा दिवा ६० टक्क्यांवर रोज नऊ तास चालला तर दिवसाला साधारण अर्धं युनिट. बिल वाढवणार असेल तर चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र.

टांगणं आणि वायर

दिवा पाण्यापासून २० ते २५ सेंटिमीटर वर. खाली आणला तर मधोमध भाजणारा डाग पडतो आणि कडा अंधारात राहतात, फार वर नेला तर निम्मा उजेड हॉलमध्ये. मधोमध एक दिवा असला की दोन्ही टोकांना उजेड कमी पडतो. ते चांगलंच, मशरूमची जागा तिथे.

दिव्यावर, काचेवर आणि वायरींवर मिठाचा पांढरा थर चढत राहतो. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर महिनाभरात उजेड घटलेला असतो आणि तुम्ही कोरलला दोष देत बसता. प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी प्लगच्या खाली झोळ घेऊन वर आली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असेल तरच खाऱ्या पाण्यात हात घाला. नसेल तर इलेक्ट्रिशियनला आजच फोन करा.

टाकी गॅलरीच्या खिडकीसमोर नको. थेट ऊन म्हणजे शैवाल आणि तापमान, दोन्ही हाताबाहेर.

उजेड चढवायचा कसा

पहिलं कोरल आलं त्या दिवशी निळा चॅनेल २५ ते ३० टक्के, पांढरा पाच, आणि एकूण सहा तास. मग दर आठवड्याला पाच टक्के आणि अर्धा तास वाढवा. साधारण सहा आठवड्यांत नऊ तासांवर थांबा. तोवर निळा ५५-६० टक्क्यांवर आलेला असतो आणि मऊ कोरलांना त्यापुढे बहुधा लागत नाही. पांढरा १०-१५ टक्क्यांवरच राहू द्या. फोटोसाठी दोन मिनिटं वाढवलात तर कोणी रागावत नाही.

माझी लाईट दुपारी दीडला उगवते आणि रात्री साडेदहाला मावळते, सुरुवातीचा आणि शेवटचा एकेक तास हळू चढ-उतार. कारण साधं आहे: ऑफिसातून आल्यावर टाकी बघायला मिळते. एप्रिल-मेमध्ये मी सुरुवात चारवर ढकलते आणि शेवट रात्री एकवर, म्हणजे दुपारचं ऊन आणि दिव्याची उष्णता एकत्र येत नाही. वेळ बदलली तरी चालते, पण रोज तीच हवी. हाताने चालू-बंद करण्याच्या भानगडीत पडू नका, टायमर लावा.

पार मीटर महाग असतो, विकत घेऊ नका. जवळपासच्या एखाद्या छांदिष्टाकडून एका रविवारसाठी मागून आणा, सात-आठ ठिकाणी मोजा आणि टाकीचा नकाशा कागदावर काढा. मीटर मिळालाच नाही तर कोरल स्वतः सांगतं. मशरूम दगडावरून वर उचलून कपासारखं झालं किंवा झोआची मान लांब होऊन उजेडाकडे ताणली तर उजेड कमी आहे. कडा आत वळल्या, आकार आक्रसला किंवा रंग फिका पडत गेला तर जास्त. अशा वेळी कोरल हलवण्याआधी दिवा दहा टक्क्यांनी उतरवा आणि आठवडाभर काहीही करू नका. रोज जागा बदलत राहिलात तर मुळात काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही.

जीव सोडण्याचा क्रम

सायकल संपल्यावर लाईट लागली की दोन आठवड्यांत वाळूवर तपकिरी पूड पसरते. त्याला डायटम म्हणतात. घाबरू नका आणि कसलं औषधही ओतू नका. याच सुमारास सफाई कामगार आणा: दोन-तीन टर्बो गोगलगाई, पाच-सहा नासारियस गोगलगाई, दोन छोटे हर्मिट खेकडे. विक्रेते एकदम पंचवीसची टोळी देऊ करतात. खायला पुरत नाही, निम्म्या मरतात आणि पाणी बिघडवतात.

त्यानंतर क्लाउन माशांची जोडी. समुद्रातून पकडलेले नकोत, टाकीत जन्मलेले मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूत मंडपमला यांच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलं आहे, आणि आपल्याकडे ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही मॅंग्रोव्ह फाउंडेशनची हॅचरी आहे. दोन लहान, वेगवेगळ्या आकाराचे घ्या. क्लाउन सगळे नर म्हणून वाढतात, जोडीतला मोठा पुढे मादी होतो. मादी मेली तर नरच मादी होतो. आमच्याकडची जोडी पहिले आठ दिवस वेव्हमेकरच्या (टाकीत लाटा करणाऱ्या पंपाच्या) मागच्या कोपऱ्यात उभी थरथरत होती. लहान मासा मोठ्यासमोर आडवा होऊन अंग कापवतो, ही त्याची शरणागती. भांडण समजून मी त्यांना वेगळं करायला निघाले होते. आणि हो, त्यांना ॲनिमोन (समुद्रफूल) लागतो हा समज सोडा. टाकीतले क्लाउन लेदर कोरलमध्ये, नाहीतर नुसत्या पंपाच्या कोपऱ्यातही सुखाने संसार करतात.

पहिलं कोरल आठव्या आठवड्याच्या आसपास, आणि ते मशरूमच. दोन आठवडे ठणठणीत राहिलं की झोआ. ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया मुख्य दगडाला कधीही लावू नका. वाळूत वेगळा दगड ठेवून त्यावर त्यांचं बेट करा. दिसायला हिरवळ, पण सहा महिन्यांत शेजाऱ्यांच्या अंगावर चढते. टोडस्टूल लेदर सगळ्यात शेवटी. हे कोरल अधूनमधून चार-पाच दिवस मिटून घेतं, अंगावर मेणचट पापुद्रा येतो आणि मेल्यासारखं दिसतं. फेकू नका, कात टाकतंय. त्याच्यावर पाण्याचा थोडा जास्त झोत सोडा, पापुद्रा निघून जातो.

झोआबद्दल एक गोष्ट गंभीरपणे. काही झोआ आणि त्यांच्या चुलत्यांमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. त्यांना हात लावताना हातमोजे आणि चष्मा घाला, कापताना तर नक्कीच. त्यांचा दगड साफ करायला कधीही उकळू नका किंवा वाफेने धुऊ नका. ते विष वाफेबरोबर श्वासात जातं आणि अख्खं घर दवाखान्यात जाऊ शकतं.

कोरल आणल्यावर कोरल डिपमध्ये, म्हणजे त्यावरचे किडे सुटण्यासाठीच्या द्रावणात, बुडवून, हलवून, मगच टाकीत. पहिल्यांदा डिप केलं तेव्हा पांढऱ्या वाटीच्या तळाशी तांदळाच्या कणीएवढे तीन चपटे किडे वळवळत होते. दुकानातल्या टाकीत ते दिसणं शक्यच नव्हतं.

मासा आणि गोगलगायीला पाण्याची सवय लावणंही आलंच. लाईट बंद ठेवून पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगवायची, मग जीव बादलीत काढून गाठ मारलेल्या एअर ट्यूबमधून सेकंदाला दोन-तीन थेंब, पाऊणएक तास. बरेच दुकानदार क्षारता मुद्दाम कमी ठेवतात, गोगलगाय आणि कोळंबीला तो फरक एकदम सोसत नाही. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. मासा कुरियरने रात्रभर प्रवास करून आला असेल तर मात्र हे थेंबप्रकरण टाळा. पिशवी उघडताच पाण्याचा पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. अशा वेळी क्षारता आधीच जुळवलेल्या पाण्यात त्याला लगेच सोडलेलं बरं.

आणि माशांसाठी विलगीकरण. चाळीस लिटरचा प्लास्टिकचा टब, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. नवा मासा तिथे चार आठवडे. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आले तर तो समुद्री इक हा परजीवी. त्यावरचं तांब्याचं औषध याच टबात, मुख्य टाकीत कधीच नाही, कारण तांबं कोरल, गोगलगाय, कोळंबी सगळ्यांना मारतं. मी एकदा हा टब वगळला. नंतर सगळे मासे बाहेर काढून मुख्य टाकी अडीच महिने माशांविना ठेवावी लागली, तेव्हा कुठे इक संपला.

चौथ्या महिन्यानंतर एखादी क्लीनर कोळंबी, एक वॉचमन गोबी. गोबीबरोबर पिस्तूल कोळंबी मिळाली तर जरूर घ्या. आंधळट कोळंबी बीळ खणत असते आणि गोबी दारात पहारा देतो, तिची एक मिशी सतत त्याच्या अंगावर. आमच्या घरी टीव्हीपेक्षा हेच जास्त बघितलं जातं. एवढ्या टाकीत छोटे मासे एकूण चार-पाच, बस्स. फायरफिश घेणार असाल तर वर जाळी हवीच, तो उडी मारतो.

मोहात पाडणारे पण नको असलेले तिघे सांगून ठेवते. ब्लू टँग एक फुटापर्यंत वाढतो, अडीच फुटांत त्याला कोंडणं म्हणजे छळ. मँडरिन जिवंत सूक्ष्म कोपेपॉडवर जगतो, नव्या टाकीत सुंदर दिसत दिसत उपाशी मरतो. ॲनिमोन चालत जाऊन वेव्हमेकरमध्ये अडकतो आणि त्याचा चोथा सगळ्या टाकीत पसरतो. निदान वर्षभर तरी तो नको.

उन्हाळा, वीज आणि गणपतीची सुट्टी

मे महिन्यात टाकीचं पाणी सहज ३१-३२ अंशांवर जातं आणि कोरल पांढरं पडायला तेवढं पुरतं. पाण्यावर छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पुण्यात हे छान चालतं, मुंबई-कोकणच्या दमट हवेत कमी, तिथे चिलरला पर्याय नाही. पंखा असेल तर रोज दोन-तीन लिटर पाणी उडतं. भर घालायची ती साध्या आरओ-डीआय पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. मीठ उडत नाही, मागे राहतं.

वीज गेली तर दिवा बंद राहिल्याचं काही वाटून घेऊ नका, दोन दिवस अंधार कोरलला चालतो. आधी मरतो तो मासा, ऑक्सिजन संपून. बॅटरीवर चालणारा एअर पंप टाकीच्या कपाटात भरून ठेवा, इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त वेव्हमेकर घ्या.

गावी जाताना शेजारच्या काकूंना खाण्याचा डबा देऊन जाऊ नका. त्या मायेने डबा रिकामा करतील आणि तुम्ही परत याल तेव्हा नायट्रेट आकाशाला भिडलेलं असेल. औषधाच्या पुड्या बांधतात तशा कागदाच्या पुड्या बांधा, एका दिवसाची एक, वर तारीख. डबा कुलपात. आणि जाण्याच्या आदल्या आठवड्यात नवा मासा, नवं कोरल, लाईटमधला बदल, काहीच नाही.